मच्छरदाणीतली सगुणा

"पलंगावर बसू नको गं, आत सगुणा आहे!"

मी दचकून उभीच राहिले. काकू स्वयंपाकघरातून ओल्या हातानं धावत आल्या. मच्छरदाणीची सुटलेली कड त्यांनी पुन्हा विटेखाली दाबली आणि जाळीला नाक लावून आत पाहिलं.

"आहे, आहे. बसलीय गप," त्या म्हणाल्या. "घाबरवलीस बघ तिला."

पलंगावरची गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. नुसत्या फळ्यांवर एक ओला पंचा पसरलेला, मध्ये पाण्याचा तांब्या, तांब्यात निरगुडीची डहाळी आणि डहाळीच्या टोकाला पंख मिटून बसलेली एक लाल टाचणी. ती मीच थोड्या वेळापूर्वी तळ्यावरून धरून आणली होती. मी हातपाय धुऊन येईपर्यंत तिचं बारसं उरकलं होतं आणि माझा पलंगही तिला देऊन झाला होता.

"मग मी कुठं झोपू?"

"खाली. पुण्याला जाऊन मोठी झालीस म्हणून पलंगच पाहिजे काय?"

चतुर सगळ्यांनी पाहिलेला असतो, पाण्याकाठी घिरट्या घालणारा. टाचणी त्याच गोतातली, पण काडीसारखी बारीक, आणि बसली की पंख मिटून पाठीशी घेणारी. लोकांना त्या सगळ्या सारख्याच दिसतात. आम्ही मात्र शेपटीचं टोक, पंखांतल्या शिरा, छातीवरचे पट्टे भिंगाखाली धरून एकीला दुसरीपासून वेगळी काढतो आणि प्रत्येकीला नाव देतो. मी तेव्हा पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी हेच काम करत होते. सह्याद्रीतल्या टाचण्यांची वर्गवारी नव्यानं लावायची होती, आणि त्या वर्गवारीत एक नाव माझ्या घशात हाडूक अडकावं तसं अडकलं होतं.

ते नाव पुसाळकर सरांनी दिलेलं होतं. सर मला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवायचे. टाचणी चिमटीत कशी धरायची हेसुद्धा मी त्यांच्याकडूनच शिकले. निवृत्त झाल्यावर ते आजऱ्याजवळच्या आपल्या गावी घर बांधून राहिले होते. तरुणपणी याच गावाबाहेरच्या तळ्यावर त्यांना लाल टाचण्या सापडल्या, कुठल्याच पुस्तकात न बसणाऱ्या. त्यांनी वर्णन लिहिलं, चित्रं काढली, ती परदेशातल्या एका मासिकात छापून आली आणि एक नवी जात जगाच्या यादीत जाऊन बसली. तिला त्यांनी बायकोचं नाव दिलं, सगुणा. घरात शिरल्याबरोबर समोर सरांनी शाईनं काढलेलं चित्र टांगलेलं असे. पाहुणा आला की पाणी देता देता काकू सांगायच्या, "ही मी."

अडचण एवढीच होती की सरांना मिळालेल्या सगळ्या माद्याच होत्या. नर ना त्यांना मिळाला, ना नंतर कुणाला. माझा संशय असा, की ही वेगळी जात नव्हेच. तळ्यावरची जी साधी हिरवट टाचणी, तिच्याच माद्या पाण्यातून नुकत्या बाहेर पडल्या की काही दिवस लाल असाव्यात आणि मुरल्यावर हिरव्या होत असाव्यात. तसं असेल तर त्या टाचणीला शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं होतं. मेलेल्या नमुन्यांचा रंग उडून जातो, त्यामुळं संग्रहालयातल्या पेट्या धुंडाळून निकाल लागत नव्हता. लाल मादी जिवंत धरायची, जगवायची आणि वाट बघायची, एवढाच उपाय होता. लाल राहिली तर सर खरे. हिरवी झाली तर नाव रद्द.

मी हे चाचरत सरांना फोनवर सांगितलं.

"मगदूम, इथं ये," ते म्हणाले. विद्यार्थ्यांना ते आडनावानंच हाक मारत. "माझ्या तळ्यावर, माझ्या घरात बघू. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी नाव मागं घेणार नाही, आणि बघितल्यावर एक दिवस ठेवणार नाही."

पुण्याला मी असा प्रयोग करून बघितला होता. पिंजऱ्यातल्या टाचण्या दोन दिवसांत माना टाकत. इथं ती जगली ती केवळ काकूंमुळं. ज्या बाईनं उभ्या जन्मात स्वयंपाकघरात माशी शिरू दिली नाही, तिनं पिकून काळी झालेली केळी वाटीत कुस्करून माजघरात ठेवली आणि त्यावर चिलटं जमायला लागल्यावर ती वाटी मच्छरदाणीत सरकवली. पंचा वाळला की ओला करायचा, ऊन आलं की खिडकीला चादर लावायची. टाचणीनं चिलट पकडलं की काकू आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायच्या, "खाल्लं हो, खाल्लं!" सर वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "कोणी कुणाला खाल्लं?" आणि मग भिंग घेऊन यायचे.

रोज सकाळी सर जाळीला डोळा लावून बघत. "लालच आहे, मगदूम," असं म्हणून माझ्याकडं असं बघत, की जणू मीच लाल व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर जरा आडवे झाले होते आणि आम्ही दोघी मच्छरदाणीजवळ बसलो होतो. काकू भरताची वांगी पुसत होत्या.

"शैले," त्या म्हणाल्या, "ही हिरवी झाली तर नेमकं काय होतंय?"

सरांनी त्यांना काही सांगितलं नसावं. मी सांगितलं. एकाच जिवाला दोन नावं पडली असली, तर पहिलं पडलेलं नाव तेवढं खरं धरायचं आणि मागाहून पडलेलं सोडून द्यायचं, असा आमच्यात नियम आहे. मग तो कितीही मोठा शास्त्रज्ञ असो.

"म्हणजे पहिलं नाव टिकतंय?"

"हो. नेहमी पहिलंच."

काकू वांगं हातात धरून तशाच बसल्या. मग एकदम हसायला लागल्या. "बरं आहे की मग तुमच्यात! आमच्यात उलटं."

"म्हणजे?"

"सगुणा माझं माहेरचं नाव गं. तुला काय वाटलं, इथलं?"

मला खरंच तसं वाटत होतं. सर त्यांना सगुणा म्हणत, चित्राखाली सगुणा होतं, तेव्हा त्यांचं नाव सगुणाच. दारावरच्या पाटीवर 'सौ. सुमती' असं होतं, पण त्याकडं मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

"सासूबाईंचंच नाव सगुणा," काकू म्हणाल्या. "सासूचं नाव घेऊन सुनेला कशी हाक मारणार? लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं. माझ्या बाजूनं ते उलटं दिसत होतं. मान वाकडी करून वाचते तर सुमती. मी मनात म्हटलं, ही कोण आता?"

मी हसले, कारण त्याही हसत होत्या.

"मग सुमतीच झाले. माझी आई पण पत्रात चि. सौ. सुमती लिहायला लागली. भाऊ ताई म्हणायचा. सगुणा म्हणून ओ द्यायची वेळच यायची नाही. कधी सासूबाईंना कुणी हाक मारली की माझी मान वळायची, आणि मग सगळ्यांना हसू." त्यांनी वांगं ताटात ठेवलं. "पुढं त्या वारल्या. नंतर एक दिवस हे ते परदेशातलं मासिक घेऊन आले. म्हणाले, बस खाली, वाचतो. इंग्रजी होतं, मला काय कळणार? पण मधेच सगुणा ऐकू आलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, तुझं तुला परत दिलं."

"आणि तेव्हापासून सर सगुणा म्हणतात?"

"तेव्हापासून. पहिले कितीतरी दिवस मला लाज वाटायची ओ द्यायला." त्यांनी जाळीतून आत बोट दाखवलं. "आता ही काय करती बघू."

त्यानंतर रोज सकाळी त्या जाळीजवळ गेल्या की मी दुसरीकडं बघायला लागले. काकूंना ती लाल राहायला हवी होती. सरांनाही, पण ते तसं कबूल करणारे नव्हते. आणि मला ती हिरवी व्हायला हवी होती. खोटं कशाला बोलू? उठल्या उठल्या चूळ भरायच्या आधी मी जाऊन बघत असे, आणि लाल दिसली की मला वाईट वाटे. आमच्या संस्थेत माझ्या बरोबरीच्या मुलांचे शोधनिबंध छापून येत होते. माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. प्रबंधाची मुदत डोक्यावर होती. ज्यांच्या घरचं मी दोन वेळा गरम गरम जेवत होते, त्यांच्याच वाईटावर टपून मी बसले होते, असं आता म्हणावंसं वाटतं. तेव्हा मात्र मी त्याला जिज्ञासा म्हणत होते.

मग सरांच्या तपासणीचा दिवस आला. त्यांचं हृदयाचं दुखणं होतं, कोल्हापूरला डॉक्टरांकडं जायचं होतं. पहाटेच्या एसटीनं ते गेले. जाताना मफलर गुंडाळत मच्छरदाणीजवळ थांबले, पण अजून उजाडलं नव्हतं, नीट दिसेना.

"संध्याकाळी बघतो," ते म्हणाले. "मगदूम, लक्ष ठेव. सगुणा, तिला उपाशी ठेवू नको."

"तुम्हीच काहीतरी खाऊन घ्या गडहिंग्लजला," काकू म्हणाल्या.

उन्हं माजघरात आली तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

"शैले, इकडं ये," काकूंनी आतून हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता. मी गेले.

"पाठीवर बघ तिच्या."

टाचणी डहाळीवर उन्हाकडं तोंड करून बसली होती. शेपटी अजून लाल होती, मिरचीसारखी. पण छातीवर, पंख जिथून निघतात तिथं लाल मळकट झाला होता आणि त्या मळकटातून शेवाळी हिरवा रंग वर आला होता. मी भिंग लावून बघितलं. संशयाला जागाच नव्हती. अर्धी सरांची सगुणा होती आणि अर्धी तळ्यावरची साधी टाचणी.

आनंद झाला होता मला.

"हिरवी व्हायला लागली, होय?"

"हो काकू."

"म्हणजे ती साधीच."

"हो."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. पदरानं त्यांनी कपाळ पुसलं, खरं तर घाम आला नव्हता. "काल संध्याकाळीच मला दिसलं होतं थोडं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, दिव्याचा उजेड असेल."

पिशवीतून कॅमेरा काढावा की आधी त्यांच्याजवळ बसावं, हे मला कळेना. मी कॅमेरा काढला.

"शैले, हिला सोडूया काय?"

मी कॅमेऱ्याचं झाकण काढता काढता थांबले.

"हे आले की सांगू, उडून गेली. मच्छरदाणी जुनीच आहे. भोकं असतात की."

"काकू, असं नाही करता येत."

"का? कुणाचं काय जातंय? जाईल तळ्यावर आणि होईल हिरवी. तिथं काय कमी आहेत? आजवर कुणी विचारलंय?"

"आज ना उद्या दुसरं कुणीतरी हेच करून बघेल. मग सरांना जास्त वाईट वाटेल."

"दुसऱ्यानं करू दे," काकू म्हणाल्या. "तू नको."

एवढं साधं मागणं होतं ते. मला आयुष्यात कुणी इतकं सरळ काही मागितलं नाही. आणि मी काय केलं? मी त्यांना व्याख्यान दिलं. शास्त्रात सत्य महत्त्वाचं, व्यक्ती नाही. सरांनीच मला हे शिकवलं. त्यांनी स्वतः कबूल केलंय. खोटं नाव यादीत राहिलं तर पुढच्या शंभर माणसांची दिशाभूल होईल. सगळं बरोबर होतं. माझा आवाज मात्र चढला होता, आणि त्यात मी एक वाक्य असं बोलले की ते अजून माझ्या कानांतून जात नाही. मी म्हणाले, "एका नावासाठी तुम्ही सरांना फसवणार?"

काकूंचा चेहरा उतरला. कुणी मोलकरणीला चोरीचं विचारावं तसं मी त्यांना विचारलं होतं, त्यांच्याच घरात.

"नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "फसवणार कशाला? आपलं तोंडात आलं ते बोलले. पण ते येईपर्यंत तरी राहू दे तिला. संध्याकाळी येतीलच. त्यांचं त्यांना बघू दे."

"रंग बदलेल काकू. अर्धी लाल, अर्धी हिरवी आहे तोवरच धरली पाहिजे. पूर्ण हिरवी झाली तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

हेही बरोबरच होतं. पण संध्याकाळपर्यंत रंग एवढा बदलला नसता, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. अडचण रंगाची नव्हती. संध्याकाळपर्यंत काकूंच्या शेजारी बसून राहायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हणाले असते, आणि माझा शोधनिबंध खिडकीतून उडून गेला असता.

मी फोटो काढले. मग वीट बाजूला करून मच्छरदाणीत हात घातला. तळ्यावर या टाचणीच्या मागं मी चिखलात दोनदा पडले होते, इतकी ती चपळ होती. आता ती हललीसुद्धा नाही. काकू रोज वाटी ठेवायला, पंचा बदलायला हात घालत, त्यामुळं ती हाताला बुजायची राहिली होती. माझी बोटं जवळ गेली तशी ती डहाळीवरून उठून माझ्या अंगठ्यावर येऊन बसली. मी बोटं मिटली.

कागदाच्या घडीत तिला सरळ केलं आणि घडी ॲसिटोनच्या बाटलीत सोडली. रंग टिकवायचा तर तसंच करावं लागतं.

"कसला वास हा?" काकूंनी विचारलं.

"नखांचा रंग काढतात ना, तेच औषध."

"लगेच मरते काय?"

"लगेच," मी म्हणाले. घडी बाटलीत जराशी हलत होती. मी बाटली हातानं झाकून धरली.

काकूंनी मग विटा उचलून परसात नेऊन ठेवल्या. केळ्यांची वाटी धुतली, मच्छरदाणी सोडवून घडी घातली, कोपऱ्यातली गादी पलंगावर पसरली आणि तिच्यावर धुतलेली चादर घातली. चादरीच्या सुरकुत्या हातानं काढत म्हणाल्या, "आज नीट झोप पलंगावर. इतके दिवस जमिनीवर अंग आंबलं असेल तुझं."

त्यापेक्षा त्यांनी माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सर दिवेलागणीला आले. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलं होतं, त्यामुळं खुशीत होते. चपला काढता काढताच त्यांनी मच्छरदाणी नसलेला पलंग पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं.

"मेली?"

"नाही सर. बदलली."

मी घडी उलगडून दिव्याखाली धरली. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ ते वाकून बघत होते. मी त्यांच्या मानेवरचे पांढरे केस बघत उभी होते आणि मनात म्हणत होते, आता हे खचणार. मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा लखलखत होता.

"शाब्बास, मगदूम! काय नमुना आहे! अर्धा लाल, अर्धा हिरवा. हा बघितल्यावर कुणाची बोलायची प्राज्ञा आहे? इतकी वर्षं एवढे लोक मेलेले नमुने टोचून बसले, कुणाला हे सुचलं नाही. आणि केलं कुणी, तर माझ्याच विद्यार्थिनीनं, माझ्याच घरात!" ते येरझाऱ्या घालायला लागले. "निबंध तू लिही. तुझं नाव आधी, माझं नंतर. स्वतः दिलेलं नाव स्वतःच्या हातानं मागं घेणारे किती जण निघतील, सांग? लिही, आजच सुरुवात कर."

मला इतकं हायसं वाटलं की मीही हसले. सर खूश, मी खूश. शास्त्राचंही भलं झालं. त्या घरात त्या क्षणी नुकसान झालेलं माणूस एकच होतं आणि ते स्वयंपाकघरात होतं.

"सगुणा!" सरांनी आनंदानं हाक मारली. "अगं ऐकलंस काय? चहा टाक. आज साखर घालून टाक, डॉक्टर काही म्हणत नाहीत!"

आतून उत्तर आलं नाही. स्टोव्हचा आवाज येत होता, म्हणजे काकू तिथंच होत्या.

"सगुणा, अगं!"

सरांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मग ते स्वतःच दारापर्यंत गेले. "ऐकू येईना काय? केव्हाची हाक मारतोय."

"सुमती म्हणा," काकू आतून म्हणाल्या.

"अं?"

"सुमती म्हणा आजपासून. सासूबाईंनी ठेवलेलं तेच बरं."

सर हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "अगं, तो शास्त्राचा भाग झाला. टाचणीचं नाव गेलं म्हणून माणसाचं थोडंच जातंय?"

काकू दारात आल्या. हातात सांडशी होती. रडलेल्या वगैरे नव्हत्या. "जगात लिहून दिलं होतंत, आता जगात खोडणार," त्या म्हणाल्या. "खोडा. बरोबर आहे तुमचं, मला कळतंय. पण तिकडं खोडायचं आणि घरात तेवढं चहाला हाक मारायला ठेवायचं, हे नको. रोज उठून कशाला ते?"

सर उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. माझ्याकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

"शैले," काकूंनी विचारलं, "तुला साखर किती?"

निबंध छापून आला. त्या अर्ध्या लाल टाचणीचा फोटो खूप गाजला, आमच्या विषयातल्या पुस्तकांत तो अजून असतो. मला पीएच.डी. मिळाली, नोकरी मिळाली. सरांचा कोल्हापुरात सत्कार झाला, शास्त्रीय प्रामाणिकपणाचा आदर्श म्हणून. मी तिथं भाषण केलं. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या. मी जे केलं त्यात चूक काढता येत नाही. मी कितीदा तरी शोधून बघितली. काढता आली असती तर माफी तरी मागता आली असती.

सर पुढं बरीच वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेले. ते त्याच पलंगावर होते. माणसं ओळखत नव्हते, मलाही त्यांनी ओळखलं नाही. डोळे मिटून पडले होते आणि मधेच, चांगल्या ठणठणीत आवाजात, हाक मारत होते.

"सगुणा! अगं सगुणा!"

काकू त्यांच्या उशाशीच बसल्या होत्या. त्यांनी चमच्यानं पाणी पाजलं, ओठ पुसले, पांघरूण सारखं केलं, कपाळावरून हात फिरवला. सर हाक मारत राहिले. मी दोन-तीनदा काकूंकडं बघितलं. शेवटी न राहवून मी म्हणाले, "काकू, एकदा ओ द्या ना."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि चमचा पुन्हा पाण्यात बुडवला.

"सगुणा!" सर म्हणाले.

त्यांनी चमचा सरांच्या ओठांना लावला, पण ओ दिली नाही.